प्लेटलेट १.२ म्हणजे किती? नागपुरातल्या एका रुग्णालयाची चार सॉफ्टवेअर जोडताना

पार्श्वभूमी

हे रुग्णालय नागपुरातलं, एका धर्मादाय ट्रस्टचं. नाव, जागा आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांसारखं अवाढव्य नाही आणि रामदासपेठेतल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांसारखं चकचकीतही नाही, मधलं. ओपीडीत शहरातले लोक असतात. भरती होणाऱ्यांत भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि सीमेपलीकडच्या शिवनी-बालाघाटचे रुग्ण बरेच. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं असल्यामुळे ट्रस्ट गावोगावी तपासणी शिबिरं घेतो. त्या शिबिरांच्या नोंदींचा विषय पुढे येणार आहे.

रुग्णालयात सॉफ्टवेअर चार. नोंदणी आणि बिलिंगचं सगळ्यात जुनं, स्थानिक व्हेंडरने लिहिलेलं. लॅबचं वेगळं, ते पुण्याकडून आलेलं. एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटीच्या प्रतिमा साठवणारं तिसरं. औषध दुकानाचं चौथं. चारही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या विश्वस्तांच्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी घेतलेली. एकमेकांशी बोलायचं काम माणसं करत होती: वॉर्डबॉय छापील रिपोर्ट घेऊन जिने चढायचा, सिस्टर त्यातले आकडे डिस्चार्ज कार्डात पुन्हा टाइप करायची.

निमित्त झालं ते आयुष्मान भारत डिजिटल मिशनचं. १५ ऑगस्ट २०२० ला नॅशनल डिजिटल हेल्थ मिशन या नावाने जाहीर झालेली ही योजना २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर लागू झाली. तिच्यात रुग्णाच्या नोंदी एका मध्यवर्ती कोठारात जात नाहीत. त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाने संमती दिली की त्याच्या १४ अंकी ‘आभा’ या आरोग्य-ओळख क्रमांकाच्या आधारे दुसरीकडे दाखवता येतात. त्या दाखवण्याचा साचा आरोग्याच्या नोंदींच्या देवाणघेवाणीसाठीच्या ‘फायर’ या प्रमाणकाच्या चौथ्या आवृत्तीवर, म्हणजे ‘आर४’वर, बेतलेला आहे. ट्रस्टच्या सचिवांना वाटत होतं की एक बटण बसवलं की रुग्णालय ‘आभा’ला जोडलं जाईल. पण दारापर्यंत न्यायला आधी घरातल्या नोंदी एकत्र हव्यात, आणि त्या तर चार ठिकाणी होत्या.

हे जोडायचं काम घेतलेली आमची टीम लहान, परसोडीच्या आयटी पार्कजवळ बसणारी. रुग्णालयाच्या बाजूने आयटी विभाग म्हणजे एकच तरुण, आणि सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत.

अडचण

खरं तर नोंदणी आणि लॅब या दोघांत एक जोड आधीपासून होता. लॅबचं सॉफ्टवेअर नोंदणीच्या डेटाबेसात थेट शिरून रुग्णाचं टेबल वाचायचं. स्वस्त आणि झटपट. कुणीतरी एका दुपारी करून दिलेला असावा. मग नोंदणीच्या व्हेंडरने एका अपडेटमध्ये त्या टेबलातल्या दोन रकान्यांची नावं बदलली. त्याच्या दृष्टीने ती त्याची घरगुती बाब होती. सोमवारी सकाळी लॅबच्या पडद्यावर एकही नवा रुग्ण दिसेना, सॅम्पलच्या नळ्यांवर हाताने नावं लिहावी लागली. दोन्ही व्हेंडर म्हणाले, आमच्याकडे काहीच बिघाड नाही. दोघंही खरं बोलत होते, म्हणून तर पंचाईत.

कागदोपत्री दोन्ही सॉफ्टवेअर ‘एचएल७ सपोर्टेड’ होती, म्हणजे आरोग्याच्या सॉफ्टवेअरांनी एकमेकांना संदेश पाठवायचं ‘एचएल७’ हे प्रमाणक पाळणारी. एचएल७च्या दुसऱ्या आवृत्तीचे संदेश जगभर चालतात: ओळींचा एक संच, प्रत्येक ओळीत उभ्या दांडीने वेगळे केलेले खाने, रुग्णाच्या ओळीत पाचवा खाना नावाचा, सातवा जन्मतारखेचा, असं. पण हे प्रमाणक सैल आहे. बरेच खाने ऐच्छिक, आणि शिवाय ‘झेड’ने सुरू होणाऱ्या ओळीत ज्याने त्याने हवं ते भरायची मुभा. लॅबच्या संदेशात सॅम्पल नाकारल्याचं कारण अशाच एका झेड ओळीत यायचं आणि ती ओळ नोंदणीचं सॉफ्टवेअर वाचतच नव्हतं. एकच प्रमाणक पाळणारी दोन सॉफ्टवेअर एकमेकांना समजतीलच असं नाही, हे ट्रस्टींना पटवायला वेळ लागला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ट्रस्टींचा लाडका: सगळं काढून एकच मोठं सॉफ्टवेअर घ्यायचं. खर्च सोडला तरी लॅब इन्चार्ज ताई त्याला ठाम विरोधात होत्या. त्यांच्या यंत्रांशी जमवून घ्यायला आत्ताच्या सॉफ्टवेअरला बरीच वर्षं लागली होती, आणि नव्या पॅकेजमधला लॅबचा भाग दाखवण्यापुरता होता. त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं.

दुसरा पर्याय: आहे तसेच आणखी थेट जोड. चार सॉफ्टवेअरमध्ये जास्तीत जास्त सहा जोड्या होतात, शिवाय आभाचं दार. सहा जोड ऐकायला थोडे वाटतात. त्या सोमवारी त्यातल्या एकानेच लॅब थांबवली होती.

तिसरा: तयार इंटिग्रेशन इंजिन, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधले संदेश ने-आण करणारं सॉफ्टवेअर, आणून सगळं तर्कशास्त्र त्याच्या पडद्यांवर, चॅनेलांमध्ये लिहायचं. आमच्या टीममधल्या एकाचा याला जोर होता, कारण त्याने मिर्थ कनेक्ट या अशाच इंजिनवर काम केलेलं. चौथा: मधला थर स्वतः लिहायचा, छोट्या मॉड्यूलांचा, म्हणजे सुट्या भागांचा.

ठरलं ते तिसऱ्या आणि चौथ्याचं मिश्रण. संदेश घेणं, पोचपावती देणं, जोडणी तुटली की पुन्हा जोडणं एवढं इंजिनकडे. अर्थ लावण्याचं काम मात्र आपल्या लायब्ररीत, इंजिनची चाहूलही नसलेल्या साध्या कोडमध्ये. त्या वेळी हा हट्ट अतिरेकी वाटला होता. २०२५ मध्ये मिर्थच्या पुढच्या आवृत्त्या मुक्तस्रोत राहणार नाहीत असं जाहीर झालं, तेव्हा आमच्याकडे इंजिन बदलायचं की नाही हा प्रश्न फक्त संदेश घेण्या-देण्यापुरता उरला होता.

निर्णय पहिला: तुकडे कुठे पाडायचे

या प्रकरणात सगळ्यात जास्त वाद झाला तो इथे.

फळ्यावर पहिलं चित्र निघालं ते कामाच्या पायऱ्यांचं: संदेश घ्या, फोडा, रूपांतर करा, पाठवा. चार पायऱ्या, चार मॉड्यूल, मधे बाण. दिसायला छान. मग आम्ही स्वतःलाच प्रश्न टाकला: उद्या लॅबने नवं यंत्र आणलं तर यातलं काय बदलेल? उत्तर आलं, चारही. नव्या यंत्राचा संदेश वेगळ्या तऱ्हेने येणार, वेगळा फुटणार, त्याचे कोड वेगळे, आणि पोचपावतीची तऱ्हाही कदाचित वेगळी.

हा धडा जुना आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये एकाच छोट्या प्रोग्रामचे दोन प्रकारे भाग पाडून दाखवले होते. एक विभागणी कामाच्या क्रमाने. दुसरी अशी, की प्रत्येक मॉड्यूलने बदलू शकणारा एकेक निर्णय आपल्या पोटात ठेवायचा आणि बाहेर फक्त ठरलेला व्यवहार दाखवायचा. बदल आला की दुसऱ्या विभागणीत एकच भाग उघडावा लागतो. आरोग्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तर बदलणाऱ्या गोष्टींची यादी आधीच ठाऊक असते: व्हेंडरच्या लहरी, तपासण्यांचे कोड, एकके, रुग्णाची ओळख पटवायचे नियम आणि सरकारी आराखडा.

म्हणून दुसऱ्या चित्रात चौकटी अशा आल्या. प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक ॲडॅप्टर, जो त्या व्हेंडरच्या सगळ्या खोडी पोटात ठेवतो. कोड आणि एककांचं एक मॉड्यूल, त्याला आम्ही ‘कोश’ म्हणू लागलो. ओळख पटवणारं एक. संदेश रांगेत ठेवून पोचवणारं एक. आणि आभाच्या दाराशी उभं असलेलं एक, ज्याच्याशिवाय संमती आणि एन्क्रिप्शनबद्दल कुणालाच काही माहीत नसतं.

या मॉड्यूलांनी आपसात कोणत्या रूपात माहिती द्यायची, हा त्यातला पोटप्रश्न. स्वतःचा साचा बनवायचा की फायरचाच वापरायचा? स्वतःचा बनवला तर आणखी एक भाषांतर वाढतं. फायरचा सरसकट घेतला तर त्याच्या आवृत्त्या बदलताना सगळी मॉड्यूलं हलतात. आर४ डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यातले काही भागच ‘नॉर्मेटिव्ह’, म्हणजे स्थिर, ठरले. रुग्ण आणि निरीक्षण, म्हणजे ‘पेशंट’ आणि ‘ऑब्झर्वेशन’, त्यांत आहेत. संपूर्ण तपासणी अहवालाचा ‘डायग्नॉस्टिक रिपोर्ट’ मात्र चाचणी पातळीवरच राहिला. यावरून सीमा आखली: आतल्या व्यवहारात पेशंट आणि ऑब्झर्वेशन, तेही मोजक्या रकान्यांसह. पूर्ण अहवाल आणि त्याची गाठोडी आभाच्या दाराशी असलेलं मॉड्यूलच बांधेल, सी-डॅक पुण्यातल्या एनआरसीईएस या आरोग्य-नोंदींच्या प्रमाणकांच्या केंद्राच्या मार्गदर्शिकेप्रमाणे. मार्गदर्शिका बदलली तर तेवढंच मॉड्यूल उघडायचं.

आणि एक गोष्ट वेळीच ठरवली. मॉड्यूल वेगळं म्हणजे सर्व्हर वेगळा असं नाही. हल्ली दोन ओळींच्या कामालाही वेगळी सर्व्हिस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्राम, काढायची फॅशन आहे. इथे जिन्याखाली एक सर्व्हर आणि सांभाळायला एक माणूस, त्याला पाच सर्व्हिसेस दिल्या असत्या तर मे महिन्यात एसी बंद पडल्यावर कोणती आधी सुरू करायची हेच त्याला कळलं नसतं. सगळी मॉड्यूलं एकाच प्रोग्रामात ठेवली. एकाने दुसऱ्याच्या आतलं काही वापरलं तर बिल्डच, म्हणजे कोडमधून प्रोग्राम तयार होणंच, थांबेल असा नियम बसवला. आभाचं दार तेवढं वेगळ्या यंत्रावर, कारण त्याचं तोंड इंटरनेटकडे.

‘विद्या’ नावाच्या रुग्णांची गोष्ट

पहिली परीक्षा चाचणीच्या काळातच झाली. नोंदणीतून लॅबकडे जाणाऱ्या ऑर्डरपैकी काही परत यायच्या, ‘एई’ म्हणजे त्रुटी असा शेरा घेऊन. संदेश उघडून पाहिले तर जन्मतारीख लिंगाच्या खान्यात आणि लिंग त्याच्या पुढच्या खान्यात. सगळं एक घर पुढे सरकलेलं. आयटीच्या तरुणाने नावांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “सर, ह्या सगळ्या विद्याच आहेत नं. अन् हा एक विद्याधर.”

उलगडा असा. नोंदणीच्या पडद्यावर इंग्रजी नावाखाली मराठी नावाचा एक रकाना होता आणि तो कृतिदेव फॉन्टमध्ये भरला जायचा. युनिकोडच्या आधीची ही पद्धत. संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. कृतिदेवमध्ये ‘द्य’ हे जोडाक्षर उभ्या दांडीच्या चिन्हावर बसवलेलं आहे. आणि एचएल७मध्ये उभी दांडी म्हणजे खाना संपला. विद्याताईंच्या नावाच्या मधोमध खाना संपायचा, उरलेला काना पुढच्या खान्यात जायचा आणि मागची सगळी माहिती ढकलली जायची. हलन्ताच्या चिन्हाचंही तसंच, ते एचएल७मध्ये ‘याच खान्यातली पुढची नोंद’ असं सांगतं.

उपाय दोन सुचले. लॅबचे व्हेंडर म्हणाले, मधल्या रांगेत सगळ्या संदेशांतून अशा दांड्या काढून टाका. काम दहा मिनिटांचं. पण रांगेला दिसणाऱ्या दांड्यांपैकी नावातली कोणती आणि खान्याची कोणती, हे रांगेला कळणार कसं? एचएल७मध्ये अशा चिन्हांसाठी एस्केपची, म्हणजे ते चिन्ह सांकेतिक खुणेने लिहायची, सोय आहे, ती वापरली तर संदेश तुटला नसता. पण लॅबच्या लेबलवर तरीही कृतिदेवची रोमन गिचमिडच छापली गेली असती.

म्हणून कृतिदेवचं युनिकोडमध्ये रूपांतर आणि मग नियमाप्रमाणे एस्केप, दोन्ही नोंदणीच्या ॲडॅप्टरमध्येच. ‘या सॉफ्टवेअरमध्ये मराठी कृतिदेवमध्ये असतं’ ही माहिती आजही बाकीच्या कुठल्याच मॉड्यूलला नाही, आणि असायचं कारणही नाही.

निर्णय दुसरा: प्लेटलेट

पावसाळा संपता संपता नागपुरात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि वॉर्डात दिवसभर एकच आकडा विचारला जातो. लॅबचे निकाल थेट वॉर्डच्या पडद्यावर दाखवायची चाचणी नेमकी तेव्हा सुरू होती, कागदी रिपोर्टही समांतर जातच होते. एका दुपारी पडद्यावर एका रुग्णापुढे लाल खूण आली: प्लेटलेट १.२. पडद्याचा नियम होता, २० हजारांच्या खाली असेल तर लाल. आकडे हजारांत असणार असं तो पडदा धरून चालला होता. सिस्टरने कागद पाहिला, तिथेही १.२ होतं, पण पुढे ‘लाख’ छापलेलं. रुग्ण ठीक होता.

शोधल्यावर साखळी दिसली. यंत्र लॅबच्या सॉफ्टवेअरला पाठवत होतं १२०, म्हणजे प्रति मायक्रोलिटर १२० हजार. आपल्याकडे डॉक्टर बोलतात ते लाखात, म्हणून लॅबच्या सॉफ्टवेअरने छापण्यासाठी त्याचं १.२ केलं होतं. बाहेर पाठवायच्या संदेशात त्याने हा छापील आकडा घातला, आणि निकालाच्या ओळीतला एककाचा सहावा खाना रिकामा सोडला.

इथे सुचवला गेलेला सोपा उपाय मुद्दाम नोंदवून ठेवतो: आकडा १० पेक्षा कमी असेल तर त्याला १०० ने गुणा. ऐकायला बिनतोड. पण दुसरं एखादं यंत्र हजारांत पाठवणारं असलं आणि रुग्णाच्या प्लेटलेट खरोखर ८ हजारांवर आल्या असल्या, तर तो आकडा येईल ८. शंभराने गुणल्यावर होतील ८०० हजार, म्हणजे ८ लाख. लाल खूण तर नाहीच, उलट भरपूर आहेत असं दिसेल. जिथे इशारा हवा नेमका तिथेच तो पुसला जाणार. आकड्याच्या आकारावरून एकक ओळखायचं नाही, हा नियम त्या बैठकीत झाला आणि पुन्हा चर्चेला आला नाही.

मग कोश मॉड्यूलचा करार, म्हणजे त्याच्याशी देवाणघेवाण करायचे नियम, कडक केला. प्रत्येक निरीक्षणासोबत तीन गोष्टी हव्यातच: तपासणीचा लॉइंक कोड (तपासण्यांच्या जागतिक यादीतला क्रमांक), आकडा, आणि एककं लिहायच्या यूकम या प्रमाणित पद्धतीतलं एकक. प्लेटलेटसाठी ७७७-३, एकक हजार प्रति मायक्रोलिटर. एक घन मिलिमीटर म्हणजे एक मायक्रोलिटरच, त्यामुळे १.२ लाख प्रति घन मिलिमीटरचे १२० होतात. कोणत्या स्रोताकडून कोणत्या तपासणीचा आकडा कोणत्या एककात येतो याचा तक्ता पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या सहीने, तारखेसह. तक्त्यात नसलेलं काही आलं तर संदेश पुढे जाणार नाही. तो ‘थांबा-यादी’त पडेल. वॉर्डच्या पडद्यावर मात्र ‘१.२० लाख’ असंच दिसतं, कारण विदर्भातल्या निवासी डॉक्टरला ‘एकशेवीस गुणिले दहाचा तिसरा घात’ वाचायला लावणं म्हणजे दुसरा घोटाळा. साठवायचं एका रूपात, दाखवायचं लोकांच्या रूपात.

थांबा-यादीवरून लॅबमध्ये सुरुवातीला कुरबुर झाली. ज्येष्ठ तंत्रज्ञ म्हणाले, “मशीन तर बरोबरच पाठवून राहिली सर, तुमचंच सॉफ्टवेअर अडवून राहिलं.” बरोबर होतं त्यांचं. पण अडवलेल्या संदेशांतूनच कळलं की लॅबमध्ये उपाशीपोटीची, जेवणानंतर दोन तासांची आणि केव्हाही घेतलेली साखर एकाच अंतर्गत कोडखाली जात होती आणि फरक फक्त शेऱ्यात लिहिला जायचा. लॉइंकमध्ये हे तीन कोड आहेत: १५५८-६, १५२१-४ आणि २३४५-७. शेरा वाचून कोड ठरवणारा प्रोग्राम लिहिता आला असता. लिहिला नाही. लॅबनेच तीन वेगळ्या तपासण्या केल्या, ऑर्डर देतानाच निवड होऊ लागली.

निर्णय तिसरा: ही बाई तीच का?

एकच रुग्ण नोंदणीत एका क्रमांकाने, बाहेरून थेट लॅबला आला तर दुसऱ्या, आणि शिबिरात तिसऱ्या. इंग्रजीत वानखेडे कुणी ‘डब्ल्यू’ने लिहितं, कुणी ‘व्ही’ने. जन्मतारीख विचारली तर उत्तर येतं, “असंल पंचेचाळीस.” मग सॉफ्टवेअर त्या वर्षाची १ जानेवारी टाकून मोकळं होतं. नोंदणीत १ जानेवारीला जन्मलेले इतके, की त्या तारखेला जुळवणीत जवळपास शून्य वजन द्यावं लागलं. आभा क्रमांक असला तर प्रश्न सुटतो, पण तो ऐच्छिक आहे. नाही म्हणून उपचार थांबत नाहीत, आणि थांबू नयेतही.

ओळख मॉड्यूलने गुणांकनावरून आपोआप नोंदी एकत्र कराव्यात का? सचिवांचं मत ‘हो’ होतं, कारण नोंदणीच्या खिडकीवर माणसं कमी. आमचं मत ‘नाही’. सिकलसेलच्या शिबिरात निघालेला ‘वाहक’ असा निकाल चुकीच्या मुलीच्या नोंदीला चिकटला, तर तो तिच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत जातो. एकत्र केलेलं पुन्हा वेगळं करणं एकत्र करण्यापेक्षा कितीतरी अवघड, तोवर दोघींचे निकाल एकमेकांत मिसळलेले असतात.

मॉड्यूल म्हणून तीनच उत्तरं देतं: तीच, कदाचित, नवी. ‘कदाचित’ नोंदणीच्या खिडकीवर जातं आणि माणूस रुग्णाला गाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, जुना केसपेपर विचारून ठरवतो. ठरल्यावरही दोन नोंदी एक केल्या जात नाहीत. त्यांना एकमेकींचा दुवा दिला जातो, फायरच्या पेशंटमध्ये त्यासाठी जागा आहेच. दुवा चुकला तर तोडता येतो. मॉड्यूलच्या आत गुण कसे मोजतात हे बाहेर कुणालाच दिसत नसल्याने नावांचे नियम नंतर बरेच बदलले, बाकी कुठे हात लावावा लागला नाही.

रेडिओलॉजीचं काम

याबद्दल थोडक्यातच. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणकात यंत्राने आपली कामाची यादी स्वतःहून मागायची सोय असते, ‘वर्कलिस्ट’. ॲडॅप्टरने तेवढी यादी द्यायची. सीटी आणि डिजिटल एक्स-रे लगेच जुळले. एक जुनं सोनोग्राफी यंत्र वर्कलिस्ट मागतच नाही, तिथे नाव हाताने टाइप होतं.

काय निष्पन्न झालं

डिस्चार्ज कार्डात लॅबचे आकडे टाइप करणं बंद झालं. सिस्टरना सगळ्यात जास्त बरं वाटलं ते याचं. थांबा-यादी पहिल्या काही आठवड्यांत भरभरून वाहायची, तक्ता भरत गेला तशी ती पातळ झाली. आभाच्या दारातून संमतीने अहवाल जाऊ लागले.

विभागणीची खरी कसोटी नंतर लागली. लॅबने रक्तगणनेचं यंत्र बदललं. नवं यंत्र वेगळ्या कंपनीचं, कोड वेगळे, प्लेटलेटचं छापील रूपही वेगळं ठेवलेलं. बदल दोनच ठिकाणी झाले: लॅबचा ॲडॅप्टर आणि कोशातल्या तक्त्यातल्या ओळी. प्रत्येक ॲडॅप्टरसोबत आम्ही नावं-क्रमांक बदललेले जुने संदेश जपून ठेवतो आणि प्रत्येक बदलानंतर ते सगळे पुन्हा चालवून पाहतो. त्यात विद्याताईंचा संदेश आहे, रिकाम्या एककाचा आहे, झेड ओळीचाही आहे. नव्या यंत्राच्या वेळी त्यातला एक अडला: नाकारलेल्या सॅम्पलचं कारण आता दुसऱ्या खान्यात येत होतं. वॉर्डात कळण्याआधी ते इथे कळलं.

नोंदणीच्या व्हेंडरने पुढेही टेबलं बदलली. लॅबला पत्ता लागला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कोशाचा तक्ता पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या हाती देणं हा योग्य निर्णय होता, पण तो प्लेटलेटच्या प्रसंगानंतर झाला. तांत्रिक आराखड्याच्या आधी, पहिल्याच आठवड्यात लॅबसोबत बसून पन्नासेक नेहमीच्या तपासण्यांची एककं लिहून काढली असती तर लॅबच्या मनात सॉफ्टवेअर ‘अडवणारं’ म्हणून बसलं नसतं.

थांबा-यादी कुणाची, हे करारातच हवं होतं. मॉड्यूलचा मालक कोडमध्ये असतो तसा रुग्णालयातही लागतो. रात्रपाळीत ती यादी कुणीच उघडत नव्हतं, आणि सकाळपर्यंत थांबलेला पोटॅशियमचा निकाल ही लहान गोष्ट नाही. तातडीच्या तपासण्या थांबल्या तर आता ड्यूटीवरच्या तंत्रज्ञाच्या फोनवर कळवलं जातं, आणि निकाल पोचेपर्यंत कागद आणि फोन ही जुनी वाट चालूच असते.

तिसरी गोष्ट वादाची आहे आणि टीममध्ये अजून एकमत नाही. आतल्या साच्यात ‘स्पेसिमेन’ला, म्हणजे सॅम्पलला, जागा नव्हती; सॅम्पलची माहिती निरीक्षणाच्या शेऱ्यात जाते. करार लहान ठेवायचा म्हणून तसं केलं होतं. पण सॅम्पल केव्हा घेतलं आणि निकाल केव्हा लागला या दोन वेळांतला फरक डॉक्टरांना हवा असतो, आणि आता तो रकाना घालायचा तर सगळ्या मॉड्यूलांचा करार वाढतो. माझ्या मते तो सुरुवातीलाच घालायला हवा होता. माझे सहकारी म्हणतात, तेव्हा घातला असता तर असे आणखी पाच रकाने आले असते आणि लॅबचा जोड त्या पावसाळ्यात चाललाच नसता.

औषध दुकान अजून बाहेरच आहे. तिथली औषधं कंपन्यांच्या नावांनी नोंदलेली, तेच औषध तीन स्पेलिंगांत, आणि पट्टी की गोळी हे एकक बिलाच्या सोयीने ठरलेलं. ॲडॅप्टर लिहायला अडचण नाही. कोशात भरायला मूळ औषधाचं नाव, मात्रा आणि रूप हवं, ते काम फार्मासिस्टचं आहे आणि त्यांना त्यासाठी दिवसातला एक तास मोकळा करून द्या, एवढीच मागणी सध्या ट्रस्टकडे पडून आहे.